विहाराची नवी घटना

रेणापूरच्या बुद्ध विहाराच्या उपासक संघाचे निवृत्ती गुरुजी सव्वीस वर्षं अध्यक्ष होते. विहार त्यांनीच खपून उभा केला, म्हणून बदलाची गोष्ट कुणी काढत नव्हतं. शेवटी अंगणवाडीत काम करणाऱ्या लुंबिनीनं संघाची नवी घटना लिहून आणली. अध्यक्ष तीनच वर्षं राहील आणि कार्यकारिणीत निम्म्या बाया असतील, असं तिनं त्यात घातलं होतं.

रविवारी वंदना झाल्यावर गुरुजींनी स्वतःच ती सभेत वाचली. "मान्य असंल त्यांनी हात वर करा," ते म्हणाले.

सगळे खाली मान घालून बसले. लुंबिनीचाही हात मांडीवरच राहिला. तिला बाराखडी गुरुजींनीच शिकवली होती.

आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हे हात खाली आहेत, हे कळून गुरुजींना गलबलून आलं.

"माझ्यामुळं लाजायलाव व्हय समदे?" ते हसले. "बरं, मी डोळे झाकतो. लुंबिनी, तू मोज."

गुरुजींनी डोळे झाकले. मग बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. पहिल्या वाजल्या त्या त्यांच्या बायकोच्या, पंचशीलाबाईंच्या. तो आवाज त्यांनी कुठंही ओळखला असता. पाठोपाठ कितीतरी बांगड्या वाजल्या. गुरुजींनीही हात वर केला.

"समदेच हात वर हायत, गुरुजी," लुंबिनी रडवेल्या आवाजात म्हणाली.

घरी जाताना त्यांनी बायकोला विचारलं, "पयला हात तुझा व्हता न्हवं?"

"हाव," पंचशीलाबाई म्हणाल्या. "तुमी किती थकलाव, ते मला दिसत न्हाई व्हय?"