नवव्या फरशीवरची दामिनी

दामिनी छताखाली येत नव्हती. मागच्या पावसाळ्यात घराची भिंत खचून तिचा धाकटा भाऊ तिच्यासमोर दबून गेला. तेव्हापासून तिसरीतली ही पोर शाळेत यायची, पण वर्गाबाहेर उन्हात बसायची. त्यात गावाखालची जमीन अधूनमधून गुरगुरायची. साहेबलोक यायचे, ‘घाबरू नका’ सांगायचे आणि चहाच्या वेळेला तालुक्याला, शिरूर अनंतपाळला परत. सांगायला त्यांच्या बापाचं काय जात होतं?

तिच्या वर्गाच्या लुंबिनी मॅडमनी मात्र पोरीला वाऱ्यावर सोडलं नाही. धास्तावलेल्या पोरांना कसं सांभाळायचं याचं लातूरला त्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, पण हा उपाय त्यांचा स्वतःचा होता. रोज एक फरशी. आज बस्कर उंबऱ्याशी, उद्या पहिल्या फरशीवर, परवा दुसऱ्या. जमिनीतून आवाज आला तर पळायचं नाही, डोळे मिटून दहा श्वास मोजायचे. “मी हाय ना इथं,” त्या म्हणायच्या.

पाचव्या फरशीवर दामिनी अडली. समोरच्या भिंतीला छतापासून खाली आलेली भेग होती आणि तिची नजर तिथून हलेना.

संध्याकाळी मुख्याध्यापक संगमेश्वर सर पाढ्यांचा मोठा तक्ता घेऊन आले. “पोरीला दिसाया नको, मॅडम.” चार दिवसांवर तपासणी आली होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मॅडमना ते कळलं नाही असंही नाही. पण पोरीच्या भल्यासाठीच ना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि तक्ता स्वतःच्या हातानं चिकटवला.

“मॅडम, भेग कुठं गेली?” दुसऱ्या दिवशी दामिनीनं विचारलं.

“बुजवली.”

दामिनीनं बस्कर सहाव्या फरशीवर टाकलं. आता मॅडम रोज सगळ्यांच्या आधी येऊन तक्त्याचा कोपरा उचलून बघू लागल्या. आधी भेगेत नख जायचं, मग पेन्सिल जाऊ लागली. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “तपासणी होऊन जाऊ द्या, मग बघू.” मॅडमनी तक्त्याचा कोपरा परत दाबून चिकटवला.

नवव्या फरशीच्या दिवशी अकराच्या सुमाराला जमीन गुरगुरली. या वेळी ती थांबेना. खिडक्या खडखडल्या, वरून माती झरली, पोरं दप्तरं टाकून मैदानात पळाली. एरवी सगळ्यांत आधी पळणारी दामिनी तेवढी जागेवर होती, डोळे घट्ट मिटून.

“तीन... चार...”

“दामिनी, ऊठ.”

“पळायचं न्हाई म्हणल्या तुम्ही. पाच...”

मॅडमनी तिला काखोटीला मारलं आणि बाहेर धाव घेतली. मागे तक्त्यासकट गिलावा कोसळला. नववी फरशी दिसेनाशी झाली.

धूळ बसल्यावर संगमेश्वर सरांनी दारातून डोकावून पाहिलं. “गिलावाच पडलाय नुसता. झाडून घ्या अन् पोरं बसवा. साहेबांची जीप निघाली म्हणं.”

“आत कुणी बसणार न्हाई, सर,” मॅडम म्हणाल्या.

दामिनीनं त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. ती मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. “भेग बुजवली म्हणल्या होत्या ना?”

आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं. मॅडमना स्वतःची भीती वाटली.

“न्हाई गं. झाकली होती. मीच झाकली.”

दामिनीनं बोट सोडलं. जमीन पुन्हा गुरगुरली, तेव्हाही तिनं ते धरलं नाही.