पूर्ण नाव सांगा

मुलाखतीचा सराव घ्यायला साहेब लागतो. आमच्या घरात साहेब म्हणावा असा कोणी नाही, म्हणून मीच झाले. मालकांचा चष्मा नाकावर चढवला, ओसरीतल्या एकुलत्या एक प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या सुनेला हाक मारली, "या. बसा."

ती आत आली. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून हळदीच्या पोत्यावर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर.

"पूर्ण नाव सांगा."

"साधना..." ती म्हणाली आणि थांबली.

सकाळपासून ती इथंच थांबत होती. उद्या वसमतला मुलाखत. मोंढ्याजवळ हळदीची एक कंपनी आहे, तिच्या हापिसात कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम. साधना बी.कॉम. झालेली, टायपिंग पास, पण नोकरीसाठी कुणासमोर बसायची ही पहिलीच वेळ. बाकी सगळं तिला पाठ होतं. जीएसटी म्हणजे काय हे तिनं मला इतक्यांदा समजावलं होतं, की उद्या ती आजारी पडली असती तर मीच जाऊन सांगून आले असते. अडत होतं ते पहिल्याच प्रश्नाला.

कारण तिच्या नावात मधोमध माझा मुलगा आहे. शिवशंकर.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नव्या पोरी घेतात, फोनवर तर नुसत्या नावानं हाका मारतात. पण साधना पडली जुन्या वळणाची, आणि ते वळण तिला मीच लावलं, कुणाला बोल लावू? त्यात दोन वर्षांमागं तो बाळापूरच्या रस्त्यावर गेला. पुढं उसाची ट्रॉली होती आणि ट्रॉलीला मागं लाईट नव्हता. तेराव्यानंतर घरात त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं तसं. आम्ही 'त्याचा टॉवेल' म्हणतो, 'त्याची गाडी' म्हणतो. कोणाचा, कोणाची, हे विचारायची वेळ येत नाही.

"परत," मी म्हणाले. "पूर्ण नाव?"

"साधना... कदम."

"मधलं?"

"ते फॉर्मवर लिहिलंय की, आत्याबाई."

"साहेब म्हण."

"फॉर्मवर लिहिलंय, साहेब."

"मला वाचता येत न्हाई."

"मग साहेब कशाला झालात?"

मला हसू आलं, तिलाही आलं. पण तिचं हसू लगेच विरलं आणि ती पोत्याची सुतळी नखानं कुरतडायला लागली.

तिचा भाऊ विजयकुमार मागच्या महिन्यात परभणीहून येऊन गेला होता. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, नोकरी लागली तर तिची मर्जी, तिनं इथं राहावं. न्हाई लागली तर मी घेऊन जातो; नुसती चूल फुकायला बहीण ठेवणार न्हाई. बोलणं बराबर होतं. म्हणून तर मला जास्त राग आला. साधनाला जायचं नव्हतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, कणीक मळताना, परातीतून वर न बघता. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्या दिवशी वरणात दोनदा मीठ घातलं.

"काहून छळून राहिली लेकराला?" आतून मालकांचा आवाज आला. चहाचा कप घेऊन ते दारात उभे राहिले. "उद्या सांगंल की ती बराबर."

"आज येईना ते उद्या कुठून येईल?" मी चष्मा काढला. "थांब साधना, आधी मी घेते. माझं पूर्ण नाव द्वारकाबाई उत्तमराव कदम."

मालकांना ठसका लागला. अर्धा चहा सदऱ्यावर.

त्यांचाही दोष नाही म्हणा. लग्न झाल्यापासून त्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं, आणि उखाण्यात कसं, आधी नागनाथ येतो, बेलाचं पान येतं, मग झाकल्या ताटातून यावं तसं नाव येतं. असं उघडंबोडकं पहिल्यांदाच.

"काय म्हणालीस?" ते म्हणाले.

"तुमचं नाव."

"कशापायी?"

"मुलाखत हाय."

त्यांनी सदरा पुसला. कुणी ऐकलं का म्हणून गल्लीत बघितलं. मग कडेला टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बरं. आता त्याचं घे."

मी आई. मला कसली आडकाठी? तो पाळण्यात असल्यापासून गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा हाका मी त्याला मारल्या आहेत. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. साधना माझ्याकडं बघत होती. सकाळपासून मी तिच्याकडं काय मागत होते, ते मला तेव्हा कळलं. मी चष्मा मालकांच्या हातात दिला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. सराव तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी एसटीत ती खिडकीशी बसली. ओठ हलत होते. हलायचे आणि मध्येच थांबायचे. हळदीनं पिवळी पडलेली बोटं ती पदराखाली लपवत होती. मी म्हणाले, "राहू दे गं, हळदीच्याच कंपनीत चाललीस." तिनं ऐकलंच नाही.

हापिसाच्या व्हरांड्यात पोरीच पोरी. सगळ्यांच्या मांडीवर फायली. एक शिपाई कागद घेऊन दारात आला आणि ओरडला, "साधना कदम!"

दोघी उठल्या. आमच्या भागात कुठलाही दगड उचला, खाली कदम सापडतो. साधनाही सापडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

"दोन हायत व्हय?" शिपाई म्हणाला. "पूर्ण नाव सांगा."

"साधना रणजीत कदम," दुसरी एका दमात म्हणाली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात फोन, आणि नवऱ्याचं नाव तिनं मिरचीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

"तुमचं दुपारून. आन् तुमी, बाई?"

साधना उभी होती. सगळा व्हरांडा तिच्याकडं बघायला लागला.

"बाई, साहेब खोळंबलेत. नाव सांगा, न्हाई तर पुढचीला सोडतो."

माझं तोंड उघडलं. खरं सांगते, नाव जिभेवर आलं होतं, मीच सांगून टाकणार होते. साधनानं न बघताच माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"साधना शिवशंकर कदम."

"मोठ्यानं बोला."

"साधना शिवशंकर कदम!"

मी जिन्याकडं बघितलं. उगीच. हाक मारली की तो असाच कुठून तरी यायचा, "काय माय?" म्हणत. जिन्यात चहावाल्याची रिकामी किटली होती.

"जा आत," शिपाई म्हणाला.

तिनं माझं मनगट सोडलं, पदर नीट केला आणि गेली. पिवळी बोटं आता बाहेर होती. दार लागलं.

मी भिंतीला कान लावून बसले. आतले शब्द कळत नव्हते. कुणीतरी विचारायचं, मग तिचा आवाज यायचा. मध्ये एकदा तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणि मला ऐकू आलं, 'जीएसटी'. ते झाल्यावर काही थांबला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मालक.

"झालं का?"

"आत्ताशी आत गेली."

"नाव?"

"घेतलं."

"कसं घेतलं?"

मी इकडंतिकडं बघितलं. दुसरी साधना माझ्याकडंच बघत होती. बघू दे.

"साधना शिवशंकर कदम," मी म्हणाले. "असं घेतलं. मोठ्यानं."

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. मग त्यांचा आवाज आला.

"पुन्यांदा सांग की. बराबर ऐकू आलं न्हाई."