खोट सांगणारी बाई

लातूरच्या रुद्राणीबाईंना हातानं फिरवायची जुनी शिलाई मशीन हवी होती. उदगीरला लहानपणी आई दुपारची झबली शिवायला बसली, की त्या चाकाच्या घरघरीत त्यांना हमखास झोप लागायची.

सून सुकन्यानं मोबाइलवर जुन्या वस्तूंचं अॅप उघडून दिलं. दोन मशिनी दिसल्या. एक पुण्याच्या माणसाची. फोटो झकपक, नावापुढं पाच स्टार. दुसरी भोकरच्या नीलाबाईंची. फोटो अंधारा, स्टार एकही नाही.

"आई, पुणेवालाच बरा," सुकन्या म्हणाली.

रुद्राणीबाईंनी त्याला फोन लावला. "मशीनमध्ये खोट काय हाय?"

"काहीच नाही, मावशी! दोघं मागं लागलेत. आत्ताच पैसे टाका."

त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या वडिलांचं, गुंडप्पांचं, उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. नवा व्यापारी आला की अप्पा आधी चहा पाजायचे आणि मग हाच प्रश्न विचारायचे. "काहीच नाही" म्हणणाऱ्याचा माल ते कधी उतरवून घेत नसत.

मग भोकरला फोन लागला.

"खोट? हाय की," नीलाबाई म्हणाल्या. "दोरा मधीच तुटतो. मूठ बी बदललेली हाय. येऊन बघा, मगच घ्या. पण शिवणार काय तिच्यावर?"

"दुपटी. लेकीला सातवा महिना हाय."

"मग या."

रविवारी सासू-सुना भोकरला पोचल्या. मशीन तेलपाणी करून, पुसून ठेवलेली होती.

"दोघं येऊन गेले, जास्त देत होते," नीलाबाई म्हणाल्या. "एक भंगारवाला. दुसऱ्याला हाटेलात शोभेला ठेवायची होती. मालक गेल्यावर हिच्यावरच तीन लेकरं शिकवली मी. आता सुईत दोरा दिसत न्हाई. म्हणून इचारलं, शिवणार काय."

आपणच पारख करतोय असं रुद्राणीबाईंना वाटलं होतं. इथं तर त्यांचीही पारख होऊन गेली होती. खाली बसून त्यांनी मूठ फिरवली, आणि डोळे भरून आले.

नीलाबाईंनी त्यांचा हात धरून दोरा कुठं सैल सोडायचा ते दाखवलं. मग भाकरी थापल्या. जेवता जेवता रुद्राणीबाई आईचं, अप्पांचं सांगत राहिल्या, नीलाबाई ऐकत राहिल्या, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून सुकन्यानं तीनदा घड्याळ दाखवलं.