दोन्ही बाजूंचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, रुंद तोंडाचा, एका कडेला चेपलेला. देवाने मला जीभ दिली नाही, नुसता गळा दिला. दुसऱ्याचे बोलणे घ्यायचे आणि चौकाच्या टोकापर्यंत पोहोचवायचे, एवढेच माझे काम. पण काय तो गळा! मी गर्जलो की खिडक्यांच्या काचा थरथरत.

सभा-समारंभांना माइक आणि कर्णे भाड्याने देणाऱ्या माइकवाल्यांनी मला विकत घेतले तेव्हा माझा रंग चांदीसारखा होता. माझा पहिलाच कार्यक्रम भाग्याचा. गाऊन निरूपण सांगणारे एक वृद्ध महाराज आले होते. ते एक ओळ गात आणि थांबत. त्या थांबण्यात सारा मांडव श्वास रोखून बसे. असे गोड ओझे मी पुन्हा कधी वाहिले नाही.

पुढे लग्ने झाली, निवडणुका झाल्या, हरवलेल्या लेकरांसाठी हाका झाल्या. माइकवाल्यांचा नियम एकच. तारा जोडायच्या, माइकची शिट्टी वाजू द्यायची नाही आणि कडेला बसायचे. बाजू घ्यायची नाही. घरीही ते मुकेच असत. त्यांची बायको म्हणे, "इथे तरी बोला हो, भाडं नाही आकारणार."

मग दूरच्या एका देशात लढाई पेटली आणि आपले सैन्य तिकडे गेले. लवकर आटोपेल म्हणता म्हणता वर्षे लोटली. ना जिंकणे, ना परतणे. माइकवाल्यांची थोरली मुलगी तिकडेच होती, सैन्याच्या दवाखान्यात नर्स.

आता माझी खरी धांदल उडाली. सकाळी निवृत्त सुभेदार माझ्यातून गरजत की एकदाच पूर्ण ताकद लावा, निकाल लावा, नाहीतर गेलेली पोरे फुकट गेली. संध्याकाळी शाळेतल्या गणिताच्या बाई येत. त्यांचा भाऊ तिकडे पडला होता. आणखी पोरे पाठवून गेलेली परत येत नाहीत, सैन्य माघारी आणा, असे त्या कळवळून सांगत. मी दोघांसाठी सारखाच घसा ताणत असे. देवाशपथ सांगतो, मला दोघांचेही पटे.

संसदेत यावर मतदान ठरले. आदल्या दिवशी खासदारांनी चौकात सभा बोलावली. दोघांचे ऐकून ते आपले मत ठरवणार होते. काय गर्दी मित्रांनो! गच्च्या भरल्या, कठडे भरले, उभ्या ट्रकच्या टपावरही माणसे चढली.

सभा सुरू होणार एवढ्यात मुलीचा फोन आला. मंचामागे आईबाप दोघेही फोनला कान लावून उभे राहिले. बहुतेक परत बोलावतील, सामान बांधून ठेव, असे वडील म्हणाले. पण मुलगी वेगळेच सांगत होती. तिथलीच एक बाई तिच्यासोबत दवाखान्यात काम करायची, जखमींचे बोलणे समजावून द्यायची. आपले लोक निघाले की तिला आणि तिच्या लेकरांना कुणी जिवंत ठेवणार नव्हते.

"बाबा, तिला सोडून मी गाडीत बसणार नाही," मुलगी म्हणाली आणि फोन तुटला.

सभा तापली. सुभेदार बोलले, बाई बोलल्या, टाळ्या पडल्या, हुर्योही उडाली. शेवटी खासदार उठले आणि म्हणाले, "ठीक आहे, बघू."

बायकोने माइकवाल्यांना कोपराने ढोसले. "आज नाही बोललात तर जन्मभर ताराच गुंडाळत बसाल."

ते उठले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्या गळ्यात आला आणि मी नखशिखांत शहारलो.

"साहेब, माझी मुलगी तिकडे तुमच्या या 'बघू'वर उभी आहे."

सुभेदार खुर्चीतूनच म्हणाले, "बाजू सांगा, माइकवाले."

"सांगतो. परत आणा. सुभेदार, जिंकणं म्हणजे नेमकं काय, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. पण बाई, नुसतं 'निघा' म्हणू नका. ज्यांनी आपल्या भरवशावर दारं उघडली, त्यांना आधी गाडीत बसवा. नाहीतर माझी पोर येणार नाही. आणि आली तरी माझ्याकडे मान वर करून बघणार नाही."

बाई उठल्या आणि म्हणाल्या की हे आपल्याला सुचायला हवे होते. सुभेदार काठी टेकत उठले. "माझं मत तेच आहे," ते म्हणाले. "पण शेवटची गाडी सुटेपर्यंत पहारा लागेल. तो तरी पूर्ण ताकदीचा द्या."

"तो द्याच," बाई म्हणाल्या.

संसदेत हेच मागेन, असा शब्द खासदारांनी माझ्यासमोर उभे राहून दिला. मग जी आरोळी उठली, त्या आरोळीने माझ्या आतला पडदा फाटला. फाटू दे! असा दिवस किती कर्ण्यांच्या नशिबी येतो?

संसदेत ही मागणी थोडक्या मतांनी जिंकली. पुढचे दिवस माइकवाल्यांच्या घरात कुणाला घास गोड लागला नाही. आणि एका दुपारी थोरली दारात उभी राहिली. मागे ती बाई होती, दोन लेकरांना घट्ट धरून.

आता सभांना नवे, काळे स्पीकर जातात. मी माळ्यावर असतो. त्या बाईची धाकटी कधी वर येते, माझ्या तोंडात डोके घालून तिच्या भाषेत हाका मारते आणि आपल्याच आवाजाला हसते.

मित्रांनो, मला टाकून देऊ नका. धूळ पुसा, पडदा बदला. पुन्हा कधी दूरच्या लढाईबद्दल चौकात बोलायची वेळ आली, तर लढा म्हणा की परत या म्हणा, मी पोहोचवीन. फक्त माझ्यासमोर येण्याआधी तिकडे एकदा फोन लावून विचारा, तुमच्याबरोबर गाडीत आणखी कोण बसायचे आहे?