तासाभराचं विमान

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पत्र्याचा, आतून पोकळ, डोक्यावर एक पोचा. सारं जग अंगावर वागवलं, पण पुण्याच्या कारखान्यातून उंब्रजच्या शाळेत आलो तो कायमचाच.

मित्रांनो, शाळेत माझा मोठा थाट होता. मला फिरवायला मुलं एकमेकांशी भांडायची. पुढे भिंतीवर चकचकीत पडदा आला आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. शाळेचे शिपाई तात्याबा निवृत्त होताना मला शाळेकडून मागून घेऊन घरी आले. त्यांचा मुलगा इंद्रजित फौजेत होता, कार निकोबार बेटावर. तो कुठे आहे, हे त्यांना आपल्या बायकोला, धोंडुबाईंना, दाखवायचं होतं.

"ह्यो ठिपका आपल्या इंदाचा, आन् ह्यो पोर्ट ब्लेअरचा. हितनं तितं इमानानं तासभर," तात्याबा सांगायचे.

खरं तर पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ उंब्रजहून मुंबई. पण माझ्यावर त्या दोन ठिपक्यांमध्ये ज्वारीचा दाणाही मावत नव्हता.

"मंजी बाजाराला जाऊन आल्यावानी हाय की वं!" धोंडुबाई खूश व्हायच्या. पोर्ट ब्लेअरहून घरापर्यंतचा पुढचा प्रवास तर कुणी धरतच नव्हतं.

यंदा आषाढात धोंडुबाईंना ताप भरला, धाप लागली. गावातले डॉक्टर म्हणाले, आजच्या आज कराडला न्या. धोंडुबाई हटून बसल्या. "इंदा आल्याबिगर म्या उंबरा वलांडायची न्हाई."

तात्याबांनी फोन लावला. इंद्रजित म्हणाला, "सुट्टी मिळाली, आबा. उद्याच्या इमानानं निघतो."

तात्याबांनी माझ्यावर बोट टेकवलं. दोन्ही बेटं त्या एका बोटाखाली झाकली गेली. "तासाभराचं तर इमान," ते म्हणाले आणि बोलावलेली गाडी त्यांनी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी बेटावर वादळी पाऊस होता. विमान आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. समुद्र खवळलेला, त्यामुळे बोटही बंद. बाहेर गाडीचा आवाज झाला की धोंडुबाई विचारायच्या, "आला का वं?"

"आलाच," तात्याबा म्हणायचे.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. अखेर धोंडुबाईंना गाडीत घातलं, पण कराड यायच्या आत त्या गेल्या.

इंद्रजित पोहोचला तेव्हा सावडणंही उरकलं होतं. पाठीवरची पिशवी तशीच ठेवून तो खाली बसला.

"दवाखान्यात का न्हाई न्हेलं, आबा?"

"तुजी वाट बगत व्हती रं."

"मी दवाखान्यात आलो नसतो व्हय?"

तात्याबांनी मला उचललं आणि माळ्यावर नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून ते माझ्याकडे पाहत नाहीत. मी माळ्यावर पडून आहे आणि मला त्याची तक्रारही नाही.

मित्रांनो, माझ्यावर अंतर दिसतं, वारा दिसत नाही. माझ्याकडे बघून कुणाच्या येण्याची वेळ ठरवू नका. घरातलं माणूस आजारी असेल, तर आधी गाडी बोलवा.