एकनंतर दहा

जुनी आज्ञा आहे मी, मित्रांनो, आणि चांगलीच चिडलेली आहे. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर 'एलएस' अशी दोन अक्षरं टाइप करा, की फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं मी ओळीने समोर ठेवते. ज्यांनी मला घडवलं त्यांना टाइप करायचा आळस होता, म्हणून नाव एवढंसं. तेव्हा माझं कोण कौतुक होतं! मग माउस आला, रंगीत चित्रं आली आणि मी अडगळीत पडले. आता माझी आठवण होते ती खापर फोडायला.

सध्या मी एका सुतारकामाच्या कारखान्यात राबते. मालक तोंडाने फटकळ. लाकूड कापणारं यंत्र त्याची पुतणी चालवायची. यंत्राला कामं धाडणाऱ्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीसाठी तिने दोन वर्षं फळ्यांवर पॉलिशपेपर घासला होता.

एका वळणाच्या जिन्याच्या चौदा पायऱ्या कापायच्या होत्या. एकही पायरी दुसरीसारखी नाही, पण फरक बोटभराचा. प्रत्येक पायरीचा नकाशा वेगळ्या फाइलीत होता, आणि मालकाने त्या फाइलींना एक ते चौदा आकडे दिले.

"काका, एक ते नऊच्या आधी शून्य लावूया का?" पुतणीने विचारलं.

"शून्याला काय किंमत असते? कामाला लाग."

फोल्डरमध्ये पायऱ्यांचे फोटोही होते. म्हणून तिने माझ्यापुढे एक्स हे अक्षर जोडलं. म्हणजे नावातल्या टिंबापुढचं शेपूट बघून लाव. मी त्याला आडनाव म्हणते. कापायच्या फाइली एकीकडे, फोटो एकीकडे, अशा मी दोन चुली मांडून दिल्या. पण आतला क्रम माझा नेहमीचाच: एक, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा आणि मग दोन. मी शब्दकोशासारखी आधी पहिलं चिन्ह बघते, मग दुसरं. आधी शून्य असतं, तर दोन दहाच्या आधीच लागला असता. यात लपवाछपवी कसली? यादी समोर होती, वाचली कुणीच नाही.

ती तशीच यंत्राकडे गेली आणि त्याच क्रमाने फळ्या कापल्या गेल्या. बाहेर पडेल त्या फळीच्या पाठीवर मिस्त्री पेन्सिलीने पुढचा आकडा टाकत गेले. त्या आकड्यांवरून कठड्याची भोकंही पाडली. गिऱ्हाइकाच्या घरात जिना बसवायला गेले, तर दुसरी पायरी भिंतीला भिडेना. तेरा फळ्या वाया गेल्या.

"ऊठ त्या खुर्चीवरून!" मालक सगळ्यांसमोर ओरडला. "परत घासायला बस. उद्यापासून यंत्र मी चालवतो."

पुतणीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिचा घात केला. मला तिचा फार राग आला. पण जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्यापुढे कुठलं अक्षर जोडलं की मी काय करते ते सांगणारं माझं माहितीपान शेवटपर्यंत वाचलं. या कारखान्यात ते वाचणारी ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी मालक खुर्चीत बसला. यंत्रावर नवं लाकूड चढवलेलं होतं. त्याने मागितली तशी मी यादी दिली, आणि हा महाशय ती तशीच यंत्राकडे पाठवायला निघाला.

"काका, थांबा. एकनंतर काय आलंय ते वाचा."

"तू मला आकडे शिकवणार?"

"वाचा तरी."

त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले. "हिला साधं मोजता येत नाही!" तो माझ्यावर खेकसला.

पुतणीने पुढे वाकून मला नव्याने लिहिलं: एक आडवी रेघ, व्ही आणि फक्त कापायच्या फाइलींचं आडनाव. मी एक, दोन, तीन करत सरळ चौदापर्यंत गेले. व्ही लावलं की मी आकडे मोजते. पण तसं मला कुणी सांगायला नको?

"बस," मालक उठत म्हणाला. ती बसली नाही.

"चूक कुणाची होती, ते आधी मिस्त्रींसमोर सांगा."

"कॉम्प्युटरची."

"त्याला विचारलं तेच त्याने सांगितलं. मी यादी वाचली नाही, आणि तुम्ही शून्य लावू दिलं नाही."

"माझीही," मालक दाराकडे बघत पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," दारात उभे असलेले मिस्त्री म्हणाले.

"माझीही चूक होती! झालं समाधान?"

मग ती खुर्चीत बसली.

मित्रांनो, काम सांगाल तेव्हा पूर्ण सांगा, आणि मी देईन ते वाचा. तेवढंही जमत नसेल तर माझ्या नावाने बोटं मोडू नका. त्या दिवशी तिघांचं आपसांत मिटलं. माझी माफी अजून कुणी मागितलेली नाही.