समितीवर आई, बैठकीला बाबा

"पाण्याची बाटली घे," डबा हातात देत आई म्हणाली.

"नको."

सातवीतली लेक हल्ली शाळेत पाण्याला तोंडच लावत नव्हती. तिथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला ना कडी होती, ना नळाला पाणी.

ही आई शाळा समितीची सदस्य. पालकसभेत बायकांनीच हात वर करून तिला निवडून दिलं होतं. पण बैठकीला जायचा तिचा नवरा. "तुला काय कळतंय त्यातलं? मी जाऊन येतो," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला आणि मुख्याध्यापकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. समितीवरच्या इतर दोघींच्या जागीही त्यांचे नवरेच बसत.

एक दिवस लेक तापानं फणफणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसभर लघवी दाबून धरते ही. संसर्ग झालाय."

त्याच संध्याकाळी बैठक होती. "आज एवढं बोलाच," तिनं नवऱ्याला विनवलं. तो परतला तो खुशीत. "फाटकाला निळा रंग ठरला. कमानही होणार!"

"आणि मुलींचं?"

"अगं, चारचौघांत कसं काढायचं ते?"

नवरा प्लंबर होता. तिचं डोकंच फिरलं. "लोकांच्या संडासात कोपरापर्यंत हात घालताना लाज वाटत नाही, आणि लेकीसाठी तोंड उघडायला वाटते?"

तो चपला घालून बाहेर निघून गेला. पुढच्या बैठकीत कमानीवरच्या अक्षरांवर चर्चा झाली.

दरम्यान शेजारच्या वहिनींच्या मुलीला वर्गातच पाळी आली. कपड्यांना डाग पडला, पोरं फिदीफिदी हसली. तिनं घरी येऊन दप्तर जे टाकलं, ते पुन्हा उचललं नाही.

तिसऱ्या बैठकीला आई स्वतः गेली.

"ताई, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचे मिस्टर येतातच की."

"त्यांना कुणी निवडलेलं नाही."

नवरा लालबुंद होऊन उठला. ती त्याच खुर्चीत बसली आणि कडी, नळ, ताप, डाग, सगळं स्पष्ट बोलली. पुरुषांच्या माना खाली गेल्या.

"विषय महत्त्वाचा आहे," अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले. "पुढच्या बैठकीत घेऊ."

"जरूर घ्या. तोवर मुली शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरतील."

"असं कसं? शाळेत पाहुणे येतात."

"मग पाहुण्यांना तोवर चहापाणी देऊ नका."

अखेर शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली मिळाली. कडी आणि नळ मात्र पुढच्या बैठकीवर गेले. घरी नवऱ्यानं अबोला धरला. ती शेजारी गेली. "वहिनी, आता सोय झालीय. पाठवा हो तिला."

"राहू दे. घरकामात हाताशी येते आता," वहिनी म्हणाल्या. मागं भांडी घासणाऱ्या पोरीनं मान वर केली नाही.

तिथून आई उरलेल्या दोन्ही सदस्यांच्या दारी गेली. "पुढच्या वेळी तुम्ही स्वतः या."

एकीनं दार लोटून घेतलं. दुसरी हळूच म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

"विचारू नका. सांगा. मी घ्यायला येईन," आई म्हणाली आणि चिडलेल्या पावलांनी घराकडे वळली.

वाचकहो, शाळेच्या फलकावर आजही तीन बायकांची नावं आहेत. आपल्या घरातल्या बाईचं नाव अशा एखाद्या फलकावर असेल, तर तिच्या खुर्चीत आज कोण बसलंय?